शनिवारची भर

५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र लिहायची पाळी तुझी होती. पण तू वेळेवर लिहिलंस तर मलाच काळजी वाटेल, म्हणून मी लिहिते. बातमी मोठी आहे. आपल्या वाइनला शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. शाळेत तुझे आणि माझे मिळूनसुद्धा एका विषयात कधी एवढे झाले नव्हते.

गुण देणारे गृहस्थ एका मोठ्या मासिकाचे परीक्षक आहेत. हिवाळ्यात ते आपल्या खोऱ्यात आले, एकेका मळ्यावर थांबले, प्रत्येक पेल्यात नाक खुपसलं आणि एक घोटही गिळला नाही. सगळी वाइन बादलीत थुंकली. आत्याला ते पाहवेना. तिने त्यांचं नाव नाकवाले ठेवलं, आणि पुन्हा आले तर त्यांना रिकामा पेला द्यावा, त्यांना काही फरक पडणार नाही, असं मला सुचवलं. आता त्याच नाकवाल्यांनी लिहिलंय की या खोऱ्यात वरच्या उताराइतकी ताठ, दगडी स्वभावाची लाल वाइन दुसरी नाही, आणि तिच्या मागून जो ओल्या मातीचा नि जांभळ्या फुलांचा मऊपणा येतो तो तर केवळ अपूर्व. वरच्या उतारावर नुसते दगडगोटे आहेत, ओली माती त्यांना कुठे दिसली कोण जाणे. पण गुण देणाऱ्याशी वाद घालू नये.

गेल्या आठवड्यापासून घाटातून गाड्यांची रांग आहे. लोक येतात, वरच्या उताराचे फोटो काढतात, एखादा दगड खिशात घालून नेतात. शेजारच्या हॉटेलवाल्याने तर पाटीच लावली आहे की शहाण्णव गुणांचा मळा खिडकीतून दिसतो. दिसतो तो आपला कपडे वाळत घालायचा दोर.

एक बदल केला आहे. तळघराला कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या कमरेला. पिंपाचं लाकूड वाइन पितं, रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइन बिघडते, म्हणून दर शनिवारी पिंपात भर घालावी लागते, हे तुला चष्मे विकता विकता अजून आठवत असेल तर बरंच आहे. बाबांच्या काळापासून ते काम आत्याकडे होतं. पण परवा पाहुणे तळघरात उतरले तर आत्या पिंपाला टेकून बसलेली, आणि ही वाइन गुडघ्यासाठी फार चांगली, असं त्यांना सांगत होती. शहाण्णव गुणांना हे शोभत नाही. आता भर मीच घालते, माळ्यावरच्या बरण्यांतली, फक्त वरच्या उताराची.

सोबत गुणवाली एक बाटली पाठवते, जपून उघड. आणि नेहमीचे दोन कॅन, तुझ्या खालच्या तुकड्याच्या वाइनचे. ते कसेही उघड.

माझी माया आहेच. तुझ्याकडे काही शिल्लक असेल तर चार ओळींनी कळव.

तुझी,
ताई


२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोज्यात गुंडाळलेली बाटली सुखरूप पोचली. मोजाही पोचला. दुसरा कुठे आहे?

तू सांगितल्याप्रमाणे समारंभ केला. दुकान बंद केल्यावर समोरच्या न्हाव्याला बोलावलं, काउंटर पुसलं, डोळे तपासायचा दिवा बाटलीवर सोडला. न्हाव्याने मासिकातला मजकूर मोठ्याने वाचला. मी पेला नाकाशी धरला, घोट घेतला, डोळे मिटले. खरं सांगू का ताई, मला तुझा कॅन आठवला. पुढे तो दगडी ताठपणा वगैरे आहेच, पण त्याच्या पाठीमागे कुठेतरी माझ्या स्वयंपाकघरातला कॅन उभा आहे. मी तसं म्हणालो तर न्हावी म्हणाला की इतकी वर्षं तेच पितोस, तुला आता दाढीच्या साबणालाही कॅनचा वास येईल. त्याचं बरोबर असावं. अभिनंदन मनापासून आहे, रागावू नकोस.

आता कामाचं. घरमालक म्हातारे झाले, दुकानाची जागा विकायची म्हणतात. मी घेतली तर माझी, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मला गाशा गुंडाळायचा आहे. केस काळे होते तेव्हापासून मी या काउंटरमागे उभा आहे. गल्लीतलं कोण किती आंधळं हे मला तोंडपाठ आहे. हे दुकान सोडून मी दुसरीकडे कुणाचे डोळे तपासू?

आणि नेमकं याच आठवड्यात तुमच्या हॉटेलवाल्याचं पत्र आलं. त्याला माझा खालचा तुकडा हवा आहे. शहाण्णव गुण बघायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायला. तो देतो त्यात दुकान होईल.

ताई, बाबांनी वाटणी केली तेव्हा तुला वरचा उतार दिला आणि मला ओढ्याकाठचा चिखल. मी तेव्हा काही बोललो नाही, आजही तक्रार करत नाही. तू मळ्यात राहिलीस, मी निघून गेलो, निघून जाणाऱ्याला उरलेलं मिळतं. तिथल्या वेली आजोबांनी कुठून कुठून आणून लावल्या, त्यांची जात त्यांनाही सांगता यायची नाही. बाबा तर त्याला मळा म्हणायचेच नाहीत. खालची भानगड म्हणायचे. तेव्हा ती भानगड मिटवून टाकावी असं मला वाटतं. पण तू नको म्हणालीस तर मी विकणार नाही. फक्त नको म्हणताना कारण सांग.

आत्याला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय?

तुझा राग उतरला की उत्तर दे, मी वाट बघतो.

तुझा,
धाकटा


३ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राग उतरलेला नाही, पण टपाल आजच जातं.

काचा घासून घासून तुझं नाक बोथट झालंय. शहाण्णव गुणांच्या वाइनला कॅनचा वास. बाबा असते तर त्यांनी तुला तळघराच्या पायऱ्यांवर उभं करून वरच्या उताराचं महत्त्व पहिल्यापासून सांगितलं असतं, आणि तू पहिल्यासारखीच जांभई दिली असतीस.

तुकड्याचं म्हणशील तर वीक. कारण मागितलंस, ते माझ्याकडे नाही. खालची द्राक्षं उशिरा पिकतात, सकाळचं धुकं तिथून हलत नाही, आणि वाइन शेवटी तुझ्या कॅनांतच जाते. संध्याकाळी ओढ्याकाठी उभं राहिलं की मला बरं वाटतं, पण एवढ्यासाठी तुझं दुकान जावं असं मी म्हणणार नाही. हॉटेलवाला म्हणतो की कचेरीतून परवानगी मिळायला पुढचा वसंत उजाडेल, सही तेव्हाच. तोवर वेली उभ्या आहेत.

आत्या गाल फुगवून बसली आहे. दर शनिवारी मी तळघरात उतरले की ती दाराबाहेर स्टुलावर येऊन बसते आणि माझ्याकडे न बघता उसासे टाकते. कुलूप लागल्यापासून गुडघा जास्तच दुखतो म्हणते. मी म्हटलं की तुझी पायऱ्यांची दगदग वाचली, बरं वाटायला हवं. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

मोजा सापडला. तो माझ्या पायात आहे. तुझा परत पाठव.

जिव्हाळा कमी झालेला नाही, फक्त नाकाचा अपमान लक्षात ठेवला आहे.

तुझी,
ताई


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मधली पत्रं गारठ्याची आणि छपराची होती, हे तसं नाही. हे एकट्याने वाच, न्हाव्याला वाचून दाखवू नकोस.

पिंपातली वाइन मला आवडत नाही. बिघडलेली नाही. बिघडली असती तर कळलं असतं, औषध केलं असतं. ती नुसती ताठ आहे. जिभेवर येते आणि ओळख नसलेल्या घरात पाहुणा बसावा तशी बसते. मागून काहीच येत नाही. मी सगळं चोख केलं. पिंपं गरम पाण्याने धुतली, एक शनिवार चुकवला नाही, भर घातली ती फक्त वरच्या उताराची, बरणीवर चिठ्ठी लावून. बाबांनीही इतकं काटेकोर केलं नसेल. आणि जितकं काटेकोर करते तितकी ती आणखी कोरडी होते.

अठरा एप्रिलला नाकवाले पुन्हा येणार आहेत, पिंपातली चाखायला. ही वाइन अजून बाटलीत उतरलेलीसुद्धा नाही आणि निम्मी आधीच लोकांनी मागून ठेवली आहे. त्यांनी तोंड वाकडं केलं तर मागच्या वर्षीचे शहाण्णव म्हणजे नशीब होतं असं सगळं खोरं म्हणेल, आणि मला तसं वाटायला लागलंच आहे. मी घाबरले आहे, धाकट्या. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलेलं नाही. वरचा उतार बाबांनी विश्वासाने माझ्या हातात दिला, आणि माझ्याच हातून तो मुका झाला.

काल शेवटी आत्याला एक पेला नेऊन दिला. तिने चाखला, हं म्हणाली, आणि स्टूल उन्हात सरकवून मागितलं.

हॉटेलवाल्याची परवानगी आली. सही त्याच आठवड्यात ठेवायची म्हणतो. म्हणजे तू येशील, तेवढाच मला आधार होईल. आठवण काढते आहे, तुला उचकी लागली तर पाणी पी.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. पिंपातली वाइन चाखून तू हं म्हणालीस असं त्यात आहे. तुझं हं मी लहानपणापासून ओळखतो. तुझ्या एका हं वर मी खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवायचो, तुला मुळात काही माहीत नसायचं तरी. या वेळी मात्र तुला माहीत आहे.

मागच्या वर्षी मी ताईला गमतीने लिहिलं होतं की तिच्या गुणवाल्या वाइनला माझ्या कॅनचा वास येतो. आता ती गंमत माझ्या डोक्यातून जात नाही. आडवळण न घेता विचारतो. इतकी वर्षं शनिवारी तू पिंपात भर घालायचीस ती कशाची?

गुडघ्याला लावायचं तेल वेगळं पाठवतो आहे. ते लाच समजू नये, पण समजलीस तरी चालेल.

तुझ्या आशीर्वादाच्या आणि उत्तराच्या आशेत,
धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
आ.

कुणीतरी विचारलं एकदाचं.

वरच्या उताराची भर तुझ्या बापाने ठेवली माळ्यावर. घर चढायचं, माळा चढायचा, बरणी कडेवर घेऊन उतरायचं, मग तळघर उतरायचं. आणि तुझ्या खालच्या तुकड्याचं पिंप तळघराच्या दाराशीच उभं, जाता येता अंगाला घासणारं. माणसाने काय करावं? मी त्याला म्हटलं, माझा गुडघा दुखतो. तो म्हणाला, सावकाश चढ. मी सावकाश चढायचा विचार करत बसले, तेवढ्यात भर घालून झाली.

आता तू म्हणशील की लाकूड पिऊन पिऊन किती पिणार, त्याने वाइन कशी बदलेल. लाकूड थोडंच पितं. मीपण पिते. पिंपाची चव बघितल्याशिवाय ती बिघडली की नाही कळणार कसं? म्हणून दर पिंपातून एक पेला. पिंपं आपल्याकडे बरीच आहेत. थंडीत दोन दोन, कारण गुडघा. काढलं तेवढं परत भरलं, मी कुणाचा थेंब ठेवलेला नाही. काढली वरची, घातली खालची, एवढंच.

तुझा बाप पाहुण्यांना घेऊन यायचा, पिंपावर हात ठेवायचा आणि हा वरच्या उताराचा स्वभाव म्हणून सांगायचा. मी मागे उभी असायची. कितीदा वाटलं सांगावं. पण तो इतका खूश असायचा की मला ते सांगवायचं नाही. त्याला कळलं असतं तर त्याने मला माळ्यावर राहायला पाठवलं असतं.

ताईला मी सांगितलेलं नाही. तिने कुलूप घालताना मला काही विचारलं नाही, मग मी कशाला तोंड उघडू? माफीबिफी मागणार नाही.

तू तुकडा विकतोस म्हणे. वीक, तुझा आहे. पण तुझ्या बहिणीची वाइन त्यात आहे हे आता मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. तिसरीला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी म्हातारी, मला विसरायची मुभा आहे.

तेल पोचलं. वास घाणेरडा आहे, गुण आहे. जेवत जा.

तुझी,
आत्या


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बस. किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेव, नाहीतर ती आत्याला फेकून मारशील.

सोबत आत्याचं पत्र जोडलं आहे, ते वाच आणि मग माझं पुढे वाच.

वाचलंस? आता माझं ऐक. हे पत्र माझ्याकडे कधीचं येऊन पडलं आहे. मी ते दुकानाच्या खणात ठेवलं आणि रोज खण उघडून बंद केला. तुला सांगितलं तर तुकडा विकता येणार नाही, आणि तुकडा नाही विकला की दुकान गेलं. नाही सांगितलं तर सही करून मोकळा. तू स्वतःच वीक म्हणाली होतीस, कुणी मला बोल लावला नसता. मग तुझं घाबरले आहे हे वाक्य पुन्हा वाचलं. तू माझ्यासमोर कधीच घाबरली नव्हतीस. ओढ्याला पूर आला होता तेव्हासुद्धा मला खांद्यावर घेऊन तू माझ्यावरच ओरडत होतीस. म्हणून लिहितो आहे.

यापुढची अडचण अशी की खालची सगळी वाइन तू यंदा मलाच पाठवून बसली आहेस, पिंप दार अडवतं म्हणून. आणि मी ती वाटत सुटलो होतो. एक कॅन न्हाव्याकडे, एक घरमालकांकडे, बाकी चष्मा तयार होईपर्यंत थांबणाऱ्या गिऱ्हाइकांना. आता दारोदार फिरून परत मागतो आहे. न्हाव्याने कारण विचारलं. बहिणीला हवी आहे म्हटलं तर तो म्हणाला की वाइन करणारी बहीण वाइन परत मागते, हे घराणं बुडालं. घरमालकांनी अर्धा कॅन दिला आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांचंच घर मागतो आहे.

या पत्राबरोबर औषधाच्या बाटलीत थोडी पाठवली आहे. तुझ्या वाइनच्या पेल्यात एक चमचा घालून बघ. काहीच झालं नाही तर आपण तिघांनी मिळून हसू.

वडीलकीचा राग एका पत्रात मावला तर बरं.

तुझा,
धाकटा


२३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आत्याशी मी दोन दिवस बोलले नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की बाई, शहाण्णवांतले माझ्या गुडघ्याचे किती ते आधी सांग.

मग चमचा घातला. काय सांगू? पाठ फिरवून बसलेल्या माणसाने मान वळवून बघावं, तशी ती वाइन वळली. ओली माती आली, ती जांभळी फुलं आली. नाकवाल्यांनी लिहिलेलं सगळं एका चमच्यात होतं, आणि मी बाटलीवर वरचा उतार म्हणून छापून बसले आहे. आधी रडले, मग हसू आलं. बाबांनी ज्याला भानगड म्हटलं त्याच्याच जोरावर ते आयुष्यभर पिंपावर हात ठेवून उभे होते.

तुझ्या नाकाची मी माफी मागते. नाकाचीच, बाकी तुझी नाही.

विकू नकोस असं मी अजूनही म्हणणार नाही. तेव्हा कारण नव्हतं, आता आहे, पण ते माझं कारण आहे. तुझं दुकान हे तुझं कारण आहे, आणि माझं मोठं आणि तुझं लहान असं मी ठरवू शकत नाही. एवढा एकदा नाकवाल्यांचा दिवस निभावून दे. पुढच्या वर्षी मी वरच्या उतारालाच बोलायला शिकवेन, नाही जमलं तर गप्प राहायला शिकेन.

कॅन घेऊन आठवडाभर आधी ये. बसमध्ये ते मांडीवर घे, वर ठेवलेस तर कुणाच्या तरी डोक्यावर पडतील. कुलूप काढलं आहे.

वाट बघते आहे, तुझी आणि कॅनांची.

तुझी,
ताई


२९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

असा न सांगता पळालास की मला घरात तुझी चप्पल शोधावी लागली. म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते सगळं लिहिते आणि शेवटी एक प्रश्न विचारते.

आठवडाभर आपण तिघांनी तळघरात जो गोंधळ घातला, तो खोऱ्यातल्या कुणाला कळला तर आपल्याला वाळीत टाकतील. मी मापाचा पेला घेऊन उभी, तू वहीपेन्सिल घेऊन, आणि आत्या प्रमाण सांगायला तयार नाही. प्यायल्याशिवाय हाताला आठवत नाही म्हणे. मग तिच्या हाताला आठवेपर्यंत थांबलो. सातव्या पिंपाला हात अगदी बरोबर चालला होता, पाय मात्र नव्हते.

अठराला सकाळी तू सहीसाठी म्हणून हॉटेलकडे गेलास आणि इकडे नाकवाले आले. पेल्यात नाक घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही. घोट घेतला. मी बादली पुढे केली. ते बादलीकडे बघत राहिले आणि गिळून बसले. स्वतःच दचकले. आत्याने मला कोपराने असं ढोसलं की अजून काळंनिळं आहे.

मी गप्प बसणार होते, पण आत्याला राहवेना. तिने नाकवाल्यांना खुर्ची दिली आणि माळा, गुडघा, दाराशी उभं असलेलं पिंप, सगळी कहाणी सांगितली. मला वाटलं की आता मासिकात आपली अब्रू जाणार. ते शांतपणे म्हणाले की हे त्यांच्या मागच्या वर्षीच लक्षात आलं होतं, म्हणून तर ओली माती लिहिली. आत्याने त्यांच्याकडे बघून हं म्हटलं. ते लाल झाले आणि दुसरा पेला मागितला. तोही गिळला. गुण कळायचे आहेत, पण आत्या म्हणते की गिळली म्हणजे आणखी काय कळायचं राहिलं. जाताना त्यांनी खालचा तुकडा बघायला मागितला. ओढ्याकाठी चिखलात बूट रुतवून उभे राहिले, पुष्कळ वेळ.

संध्याकाळी हॉटेलवाला आला, चेहरा उतरलेला. म्हणाला की तू त्याच्या कचेरीत बसलास, चष्मा पुसलास, जागेचा नकाशा मागून घेतलास, चष्मा पुन्हा पुसलास, आणि नमस्कार करून निघून गेलास. कागद कोरा. तिथून तू थेट बस पकडलीस.

आता प्रश्न. का? आणि दुकानाचं काय? मी तुला गळ घातली नव्हती, माझ्यासाठी तू उघड्यावर येणार असशील तर मला त्या वाइनचा घोट गिळवणार नाही.

दुसरं, बाटलीवरचं नाव बदलायचं आहे. वरचा उतार एवढंच यापुढे छापलं तर खोटं होईल. तुला सुचेल ते कळव.

जीव टांगणीला लावू नकोस, उलट टपाली लिही.

तुझी,
ताई


९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चप्पल बसमध्ये माझ्या पायात होती. कॅन मात्र तिथेच राहिले, आणि ते मी मुद्दाम ठेवले.

दुकान गेलं. घरमालकांनी ती जागा एका बूटवाल्याला दिली. काउंटर उचलताना मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. मी आता समोर न्हाव्याच्या वरच्या खोलीत आहे. खोली उजेडाची आहे. अडचण एवढीच की जिना अंधारा आहे, आणि ज्यांना पायऱ्या दिसत नाहीत तेच माझ्याकडे येतात. न्हावी खाली त्यांचा हात धरतो आणि केस वाढलेत म्हणून आधी स्वतःच्या खुर्चीत बसवतो. निम्मी गिऱ्हाइकं वर पोचतात ती केस कापून. चालेल, ताई. उघड्यावर आलेलो नाही, फक्त पायऱ्या चढलो आहे. आत्याचं दुःख आता मला कळतं.

का, ते सांगतो. हॉटेलवाल्याच्या नकाशात माझा तुकडा राखाडी रंगवला होता आणि त्यावर गाड्यांचे चौकोन आखले होते. मी चष्मा पुसून बघितलं, पुन्हा पुसून बघितलं. ओढा कुठे दिसेना.

बाबांनी मला तो तुकडा दिला तेव्हा मला फार लागलं होतं. तू घरची आणि मी उरलेल्यातला, असं मी मनात धरून बसलो होतो. घराकडे पाठ फिरवली, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येत राहिलो, आणि तू पाठवलेले कॅन बघून दर वेळी तेच वाटायचं की घरच्या पिंपात आपल्याला जागा नाही. त्या आठवड्यात तळघरात आत्या जुन्या सवयीने माझ्या कॅनमधून पिंपात ओतत होती आणि मी दिवा धरून उभा होतो, तेव्हा मला कळलं. मी घर सोडून गेलो असं सगळे म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. पण दर शनिवारी आत्या मला घरात ओतत होती. मग मी त्या कागदावर सही कशी करणार होतो?

तेव्हा वाइनचा घोट बिनधास्त गीळ. नाकवाल्यांनी गिळला, तुला काय झालं?

नावाचं म्हणशील तर वरचा उतार तसाच राहू दे, बाबांचं नाव आहे ते. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, खालची भानगड असं छाप. अक्षरं बारीक करू नकोस. बारीक अक्षरं वाचणारी माणसं जगात किती कमी आहेत हे मला विचार.

आत्याला सांग की महिन्याचा पहिला शनिवार माझा. माळ्यावर चढायला मी आहे, चव बघायला ती आहे. दारातलं पिंप हलवू नका.

घरात जागा आहे हे कळलंय, आता लोभाचीही तशीच भर घालत राहा.

तुझा,
धाकटा